पिवळा सेट

"पिवळा आहे," मी म्हटलं.

"नाहीये, मॅडम," नवी इंजिनियर म्हणाली.

अंधाऱ्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी माझ्या स्टुलावर, ती पोरगी माझ्या उजव्या हाताला उभी, आणि दाराचा काळा पडदा धरून फोरमन. समोरच्या टेबलावर दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले होते. डावीकडे आमच्या कारखान्यातला नेहमीचा सेट, उजवीकडे नव्या जातीचा, कालच खोक्यातून निघालेला. दोन्हींवर नुसता पांढरा लावला होता. चित्र नाही, आवाज नाही, काठोकाठ पांढरा. आणि उजवीकडचा पांढरा काही पांढरा नव्हता.

"कावीळ झालीय त्याला," मी म्हटलं. "असा सेट आमच्याकडून बाहेर जात नाही."

"मीटरवर बरोबर येतोय."

"कुणाच्या मीटरवर?"

"माझ्या." तिने हातातली काळी डबी पुढे केली. मुख्य ऑफिसातून सेटांबरोबर ही डबी आली होती आणि डबीबरोबर ही पोरगी. तिघंही नवे, तिघंही एकमेकांची बाजू घेणारे.

"मग आमच्या मीटरवर घे."

तिने आमचा मीटर काचेला लावला. आकडे बघितले, परत लावला, परत बघितले. "तुमच्या मीटरवर पिवळा येतोय," ती हळूच म्हणाली.

फोरमनने पडदा सोडला. "झालं तर मग! बाई म्हणतायत पिवळा, मीटर म्हणतोय पिवळा. लाइन थांबवा." आणि नव्या जातीचे साठ सेट, जे शनिवारी दुकानांकडे निघायचे होते, भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्या सहीशिवाय त्यांना दार ओलांडता येणार नव्हतं.

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. घरचे ह्याला स्वभाव म्हणतात, मी नोकरी म्हणते. चोवीस वर्षं मला पगार मिळाला तो संशय घेण्याचाच. टीव्ही तयार झाला की माझ्या खोलीत यायचा, आणि त्याचा पांढरा खरंच पांढरा आहे की नुसतं सोंग आहे, ते मी सांगायचं. पांढरा बिघडला की सगळंच बिघडतं. चेहरे आजारी दिसतात, दूध शिळं दिसतं, ऊन असून ऊन वाटत नाही. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, नुसतं बघवत नाही.

मी लागले तेव्हा काचेच्या जड नळीचे सेट होते. सेटच्या मागे बसायचं, समोर आरसा ठेवायचा, आणि आरशात बघत मागचे तीन स्क्रू फिरवायचे. लाल, हिरवा, निळा. लाल जरा मागे, निळा केसभर पुढे, की मग एका क्षणी तिन्ही रंग नाहीसे होऊन समोर पांढरा उभा राहायचा. तो क्षण मला फार आवडायचा. पुढे नळ्या गेल्या, चपटे सेट आले, स्क्रूंच्या जागी बटणं आली. माझं स्टूल तेच राहिलं. कारखान्यात मला माझ्या नावाने कुणी ओळखत नसे. मी व्हाइटबाई. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, फोरमनशी भांडलास तरी चालेल, व्हाइटबाईच्या वाट्याला जाऊ नकोस.

सकाळी आल्यावर पहिलं काम नमुना लावायचं. कोपऱ्यात एक सेट कायमचा ठेवलेला असे. त्याचा पांढरा मी डोळ्याने लावायची, आणि मग दिवसभर बाकीचे सेट त्याच्याशी जुळवायचे. सहा वर्षांपूर्वी कंपनीने मीटर दिला. दर वर्षी तो बाहेर पाठवून तपासून आणायचा असा नियम होता. फोरमनने पहिल्याच वर्षी तो नियम गुंडाळून ठेवला. "महिनाभर मीटर बाहेर राहिला तर आम्ही काय करायचं? बाईंचा डोळा आहे की. बाईंच्या नमुन्यावर लावून टाका." तेव्हापासून आमचा मीटर माझ्याकडे बघून चालायचा. इतर कारखान्यांत माणसाच्या कामावर शंका आली की मीटर आणतात. आमच्याकडे मीटरवर शंका आली की मला बोलावत. माझी मान किती ताठ झाली असेल ते सांगायला नको.

आणि आता हा नवा सेट. आधीच्या सेटांत पडद्यामागे दिवा असतो आणि पडदा तो दिवा हवा तसा झाकतो, एवढं मला ठाऊक होतं. ह्यात म्हणे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो आणि आपला आपण विझतो. "काळा म्हणजे खरंच काळा, मॅडम," पोरगी पहिल्या दिवशी उत्साहाने सांगत होती. "तिथे प्रकाशच नसतो." मी सेटच्या मागे हात लावून बघितला. ऊब नव्हती. ज्या वस्तूला मागची बाजूच नाही तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

मग तिने खोलीतला दिवा बंद केला आणि दोन्ही सेटवर काळा लावला. आमचा सेट अंधारात राखाडी खिडकीसारखा दिसत राहिला, गेली कित्येक वर्षं दिसायचा तसाच. नवा सेट मात्र नाहीसा झाला. टेबल गेलं, सेट गेला, मी पुढे केलेला माझा हात गेला. बाहेर येऊन मी फोरमनला म्हटलं, "हा काळा नाही, हा बंद आहे. बंद सेट काळा दिसतो ह्यात कसलं कौतुक?" फोरमन हसले. मी हसले नाही.

पांढऱ्यावरून लाइन थांबली त्या दिवशी दुपारी मी सगळ्यांसमोर ह्या गोष्टीचा निकाल लावायचं ठरवलं. माझ्या मनात पाल चुकचुकत होती ती त्या डबीवरून. मुख्य ऑफिसला आमची खोली बंद करायची आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मग सोपं काय? एक डबी अशी बनवायची की तिला पिवळा पांढरा दिसेल, आणि मग म्हणायचं, बाई म्हाताऱ्या झाल्या.

मी जेवणाच्या सुट्टीत सहा जणांना खोलीत घेतलं. दोन लाइनवरचे, दोन गोदामातले, एक झाडूवाली मावशी आणि पॅकिंगमधली जाडी, जी तोंडावर खरं बोलते म्हणून कुणाला आवडत नाही.

"कुठला पिवळा?" मी विचारलं.

सहाही बोटं उजवीकडे गेली. मी पोरीकडे बघितलं. तिचा चेहरा पडला असेल असं वाटलं होतं, पण ती त्या सहा बोटांकडे विचार करत बघत होती.

"मी एक करू का?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता डावीकडचा आमचा सेट बंद केला. दिवा लावला, सगळ्यांना दोन मिनिटं बाहेर उभं केलं, मग एकट्या जाडीला आत घेतलं. "ताई, आता हा कसा दिसतो?"

जाडीने नव्या सेटकडे बघितलं. "पांढरा."

"मघाशी पिवळा म्हणालीस ना गं?" मी ओरडले.

"मघाशी होता पिवळा. आता पांढरा आहे. मी काय करू?"

पोरीने तसंच पुन्हा करून एकट्या आमच्या सेटकडे बघायला लावलं. तोही पांढरा. जाडी कंटाळली. "एकटं बघितलं की दोघंही चांगले, शेजारी ठेवलं की भांडण. माझ्या दोन सुनांसारखंच आहे," असं म्हणून डबा खायला निघून गेली.

"मॅडम, तुमचा मीटर कशावर लावलाय?" पोरीने दाराशी आलेल्या फोरमनला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं.

फोरमनची छाती फुगली. "बाईंच्या डोळ्यावर!"

पोरगी काहीतरी बोलणार होती. माझ्याकडे बघून तिने नजर खाली घातली आणि डबी खिशात टाकली. मला वाटलं, जिंकले. हरलेलं माणूस असंच गप्प होतं. जिन्याच्या पायऱ्यांवर एकटी बसून ती डबा खात होती तेव्हा तिच्या शेजारून जाताना मी मुद्दाम सावकाश गेले.

चार वाजता सगळं उलटलं, आणि तेही थर्मोकोलच्या एका कणामुळे. खोकी फोडताना उडालेला कण माझ्या डाव्या डोळ्यात गेला. मी रुमालाने तो डोळा दाबून धरला आणि सवयीने समोर बघत राहिले. समोर दोन्ही सेट पांढरे लावून ठेवले होते. उजवीकडचा जुन्या पुस्तकाच्या पानासारखा दिसला. पिवळाजर्द. मी मनात म्हटलं, बघ, किती उघड आहे.

मग रुमाल ओला झाला म्हणून हात बदलला आणि चुकून उजवा डोळा झाकला गेला.

उजवीकडचा सेट पांढरा झाला. अगदी स्वच्छ पांढरा नाही, पण पांढऱ्याच्या घरातला. आणि डावीकडचा, आमचा, माझा, मी त्याच सकाळी लावलेला, निळसर दिसायला लागला.

मी हात बदलला. पिवळा. परत बदलला. पांढरा. कुणी बघत नाही ना म्हणून पडद्याकडे बघितलं आणि परत बदलला. चोवीस वर्षं मी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत आले होते. एक डोळा मिटून काम कोण करतं? दोन डोळ्यांत दोन पांढरे असतील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. जगातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेतला, ह्या दोघांवर घ्यायचा राहिला.

पहिला विचार काय आला ते खरं सांगते. मला वाटलं, कणामुळे असेल. दुसरा विचार असा आला की कुणाला कळलेलं नाही.

घरी गेल्यावर मी बेसिनसमोर उभी राहिले. पांढरं बेसिन आहे, आम्ही दोघांनी निवडून आणलेलं. एक डोळा झाकला, मग दुसरा. मग पुन्हा.

"काय करतेस?" आमचे हे मागून म्हणाले. हे औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात, बत्तीस वर्षं एकाच दुकानात.

"काही नाही. कण गेलाय."

ते जवळ आले. "डॉक्टरांना दाखवूया का डोळे?"

"कणासाठी डॉक्टर?"

"नाही, एकूणच. वय झालं की दाखवावं म्हणतात."

"कोण म्हणतं? कुणी काही बोललं का तुमच्याशी?"

"नाही गं. मीच म्हणतोय." आणि ते लगबगीने स्वयंपाकघरात गेले, भांडी आधीच घासलेली असताना भांडी लावत बसले. माझ्याशी वाद नको म्हणून ते असेच सटकतात. त्या संध्याकाळी मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमनच्या टेबलावर एक कागद टाइप होऊन पडला होता. मुख्य ऑफिसला पाठवायची तक्रार. नवीन सेट सदोष आहेत, सोबत आलेला मीटर विश्वासार्ह नाही, आणि तो हाताळणाऱ्या इंजिनियरने येथील अनुभवी कर्मचाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षून निष्काळजीपणे काम केले आहे. खाली फोरमनची सही झालेली होती. शेजारी माझ्या सहीची रिकामी जागा.

"एकदा सही ठोका, की ह्या पोरीला आजच परत पाठवतो," फोरमन म्हणाले. "तिचं अजून पक्कं व्हायचंय. ह्या कागदानंतर होईल असं वाटत नाही. आपल्या बाईंना खोटं पाडायला निघाली होती!"

पोरगी कपाटाशी उभी होती. तिने वायरी गुंडाळून पिशवीत भरल्या होत्या. ती रडत नव्हती, विनवण्या करत नव्हती. डबी मात्र अजून हातात धरून होती.

मी पेन उघडलं. खोटं कशाला बोलू, उघडलं. सही केली असती तर काहीही झालं नसतं. सहा जणांनी बोटं दाखवली होती, मीटर माझ्या बाजूने होता, फोरमन माझ्या बाजूने होते. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती दोन वर्षं मी माझ्या स्टुलावर मानाने बसून काढली असती. आणि ही पोरगी कुठेतरी दुसरी नोकरी शोधत फिरली असती, आपण बरोबर होतो हे माहीत असून. मला तिची दया आली असं नाही. मला त्या कागदाचीच लाज वाटली. पिवळ्याला पांढरा म्हणून सही मी कधी केली नव्हती. पांढऱ्याला पिवळा म्हणून कशी करणार?

"सेट पिवळा नाही," मी म्हटलं.

"काय?"

"सेट पांढरा आहे. माझा डोळा पिवळा झालाय. उजवा जास्त, डावा कमी. काल दुपारी कळलं मला."

फोरमन हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. "बाई, काहीतरीच काय? मीटरसुद्धा पिवळाच म्हणाला की!"

"मीटर मीच लावते ना, साहेब." मी पेन बंद केलं. "डोळा पिवळा होत गेला तसं मला सगळं पिवळं दिसायला लागलं, म्हणून मी दर महिन्याला निळा वाढवत गेले. नमुना निळा झाला. नमुन्यावरून मीटर लावला, तोही निळा झाला. मीटरवरून सगळे सेट. आपण सगळे मिळून थोडे थोडे सरकत होतो. एकमेकांशी जुळत होतो, म्हणून कुणाला कळलं नाही."

फोरमन खुर्चीत बसले. त्यांनी तो कागद उचलला आणि काय करावं ते न सुचून त्याची चौकोनी घडी घालत राहिले.

मी पोरीकडे वळले. "तुला कालच कळलं होतं."

तिने मान हलवली.

"मग बोलली का नाहीस? मूग गिळून काय बसलीस?"

"सगळ्यांसमोर कसं सांगणार होते, मॅडम? आणि..." ती अडखळली. "तुम्ही बघत होता ना सेटकडे सारख्या. मला वाटलं, तुम्हीच पकडाल."

मला तिचा राग आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. साठ सेटांच्या रजिस्टरवर सही केली, शेरा लिहिला: 'पांढरा योग्य. तपासणीस डोळ्याने अपात्र, नव्या मीटरवर तपासले.' डोळ्याने अपात्र, हे शब्द मीच निवडले. दुसऱ्या कुणी लिहिले असते तर मी त्याला सोडलं नसतं.

नंतर एकटीच खोलीत बसले तेव्हा मला भलतंच काहीतरी टोचायला लागलं. सहा वर्षं तरी आमचे सेट निळे जात होते. हजारो घरांत. त्या घरांत लोक निळसर चेहऱ्यांच्या बातम्या बघत होते, निळसर नवरा निळसर बायकोला मालिकांमधून फसवत होता, आणि एकाही घरातून तक्रार आली नव्हती. एकही नाही. ज्या पांढऱ्यासाठी मी चोवीस वर्षं डोळ्यांत तेल घातलं, तो बिघडला होता आणि जगाचं काही अडलं नव्हतं. चूक झाली ह्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू, उजवीकडे चांगला पिकलाय, आधी हा काढू. रजा मिळाली. रजेवर असतानाच कळलं की नव्या लाइनला अंधारी खोली लागत नाही. एक कॅमेरा सेटकडे बघतो आणि बघता बघता पांढरा लावून मोकळा होतो. माझ्या खोलीचा पडदा काढला होता आणि तिथे रिकामी खोकी रचली होती. परत आले की मला पॅकिंगमध्ये घेणार होते, जाडीच्या हाताखाली. जाडीने निरोप पाठवला होता, ये, पण मला पांढरं-पिवळं विचारायचं नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांच्या खोलीची भिंत इतकी पांढरी दिसली की मला रडू आलं. नर्सला वाटलं दुखतंय. मी म्हटलं, दुखत नाही, बघू दे मला. रस्ताभर मी रिक्षातून सगळ्याकडे अधाशासारखी बघत होते. दुकानांच्या पाट्या, कोबीचे गड्डे, एका पोराचे नवे बूट. घरी आले, हे चहा टाकायला आत गेले, आणि मी पाय धुऊन टॉवेलसाठी दारामागच्या खुंटीकडे हात नेला.

खुंटीवर ह्यांचे तीन एप्रन होते. दुकानात काउंटरवरच्या सगळ्यांना पांढरा एप्रन घालावा लागतो. घरात कपडे मी धुते, नीळही मीच घालते, आणि ह्यांच्या एप्रनला तर हात आखडता घेत नाही.

तिन्ही निळे होते. निळसर नव्हे. शाळेच्या गणवेशाचे असतात तसे निळे.

मी ते काढून घेतले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. "हे कुणाचे?"

ह्यांनी वळून बघितलं. हातातलं गाळणं खाली ठेवलं. "दिसले का?"

"किती वर्षं झाली?"

"असतील पाच-सहा. आधी जरासेच होते. मग वाढत गेले."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"एकदा बोललो होतो. तू म्हणालीस, मला पांढरा शिकवू नका."

मला ते आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, शंका नाही.

"आणि दुकानात? बाकीच्यांच्या पांढऱ्या एप्रनांत तुम्ही एकटे असे?" बोलता बोलता मला आठवलं, मीच एकदा ह्यांना म्हटलं होतं की तुमच्या दुकानातल्या पोरांचे एप्रन किती पिवळट असतात, त्यांच्या घरी कोण धुतं कोण जाणे. तेव्हा हे नुसते हसले होते.

"मालकांना सांगितलं, जुना माणूस कोण ते गिऱ्हाइकांना कळावं म्हणून वेगळा रंग घेतलाय. त्यांना पटलं ते. लोक निळे काका म्हणतात." ते जरा ओशाळून हसले. "कठीण चिठ्ठी असली की म्हणतात, निळ्या काकांकडे द्या."

मी भयंकर चिडले. मी फोरमनवर संशय घेतला होता, त्या पोरीवर घेतला होता, डबीवर, मुख्य ऑफिसवर, जिवंत नसलेल्या सेटवरसुद्धा. त्यांच्यापैकी एकानेही मला फसवलं नव्हतं. फसवलं ते ह्या एका माणसाने, ज्याच्यावर संशय घ्यायचं मला कधी सुचलं नाही.

"पहिल्याच वर्षी सांगितलं असतंत तर डॉक्टरकडे गेले असते मी! सहा वर्षांचे सेट वाचले असते. माझी खोली..."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय बरं वाटतंय?"

चहा उतू गेला. आम्ही दोघांनीही गॅस बंद केला नाही, मग दोघांनीही एकदम हात पुढे केला.

ते एप्रन मी दोन दिवस साध्या पाण्यात भिजवले, चोळले, उन्हात टाकले. रंग मुरला होता. शेवटी मी बाजारातून नवा कोरा एप्रन आणला, नीळ न घालता एकदा पाण्यातून काढला, आणि सकाळी ह्यांच्या अंगात चढवला. खांद्यावरची सुरकुती हाताने सरळ केली. त्यांनी आरशात बघितलं आणि पिशवी उचलली. मला मात्र फार समाधान वाटलं. इतक्या दिवसांत एक तरी गोष्ट मी नीट केली होती.

अकरा वाजता माझे डोळ्याचे थेंब संपले. हे दुपारी जेवायला यायची वाट न बघता मी स्वतःच ह्यांच्या दुकानात गेले. गर्दी होती, म्हणून रांगेत मागे उभी राहिले. काउंटरमागे चार पांढरे एप्रन होते आणि त्यांतले हे कुठले ते मलाही पहिल्यांदा शोधावं लागलं. शेवटच्या खिडकीशी होते. त्यांच्यापुढे कुणीच नव्हतं. लोक पोरांपुढे गर्दी करत होते.

माझ्यापुढे काठी टेकत उभ्या असलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. हातात लांबलचक चिठ्ठी, दोन पानांची. त्यांनी एकेक एप्रन नीट निरखला, ह्यांच्यावरूनही नजर फिरली आणि पुढे गेली. मग जवळच्या पोराला त्यांनी विचारलं, "निळे काका रजेवर आहेत का रे? माझ्या गोळ्या त्यांनाच ठाऊक आहेत."

पोराने गोंधळून ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान वर केली, म्हाताऱ्या बाईंच्या खांद्यावरून मी त्यांना दिसले. माझा डोळा लाल होता, हातात औषधाची रिकामी कुपी होती. एका हाकेचं काम होतं. निळे काका मीच, एवढंच म्हणायचं होतं त्यांनी.

ह्यांनी एप्रनचं वरचं बटण लावलं.

"ते आता येत नाहीत, आजी," ते म्हणाले, "मी बघतो. द्या इकडे."

आणि हात पुढे करून त्यांनी चिठ्ठी घेतली.